वर कोण उभं आहे?

ऑरोरा, इंडियाना
१८ ऑक्टोबर १९८७

प्रिय क्लेटस,

तुझी फुलं पोचली. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी पोचली, पण त्यात तुझा दोष नाही आणि मर्विनलाही त्याने काही फरक पडला नसता. डॉक्टरांनी तुला विमानात बसू दिलं नाही असं तुझ्या मार्लाने कळवलं. बरं केलं. तुझी ती फुप्फुसं घेऊन तू आला असतास तर मला तुझीही काळजी घ्यावी लागली असती, आणि सध्या मला माझीसुद्धा घेता येत नाही.

कशी आहेस म्हणून विचारू नकोस. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, तशी मी सगळीच झाले आहे. गाल आपलाच असतो, पण चावला गेला तरी कळत नाही. मी अजून रडलेले नाही. चर्चमधल्या बायका त्याचीच वाट बघत असतात, हे मला दिसतं. भाजलेल्या नूडल्सचं भांडं हातात घेऊन येतात, माझ्या तोंडाकडे बघतात आणि थोड्या निराश होऊन जातात. नूडल्स मी सिंकपाशी उभी राहून खाते. टेबलाशी बसत नाही. फोनची वायर भिंतीतून काढून ठेवली आहे, तेव्हा काही म्हणायचं असेल तर पत्रच लिही.

मर्विनचा खड्डा अजून उघडाच आहे. तीस वर्षं तुम्ही दोघा मेहुण्यांनी जुन्या बाटल्यांसाठी गावातल्या लोकांची अंगणं उकरली आणि आपलं अंगण म्हातारपणासाठी राखून ठेवलं होतं. तू ॲरिझोनाला गेलास आणि त्याला दम निघेना. ऑगस्टमध्ये त्याने मागच्या कोपऱ्यातली हिरवळ चौकोनी कापून काढली आणि सुरू झाला. सप्टेंबरात तो गेला तेव्हा खड्डा त्याच्या छातीइतका खोल झाला होता. आता त्यावर प्लायवूडचा तक्ता आहे. शेजारची एल्वेरा रोज कुंपणावरून ओरडते, "ऑर्फा, तो खड्डा बुजव! आजच्या आज बुजव!" तिला गुड मॉर्निंग म्हणायला कोणी शिकवलं नसावं.

एक विचारायचं होतं. असा जुना संडासाचा खड्डा किती खोल असतो? आणि बाटल्या नेमक्या कुठल्या थरात मिळतात? सहज विचारते आहे. इतकी वर्षं कधी विचारलं नाही.

तुझी बहीण,
ऑर्फा


टुसॉन, ॲरिझोना
२९ ऑक्टोबर

प्रिय ऑर्फा,

पत्र दोनदा वाचलं. मार्लाला म्हटलं, हे माझ्या बहिणीचं नाही, कोणीतरी सही चोरली आहे. तू आणि संडासाचा खड्डा! जिने तीस वर्षं आमचे बूट उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत, आम्हाला अंगणातच नळीखाली धुऊन काढलं, ती विचारते बाटल्या कुठल्या थरात मिळतात! मर्विन ऐकत असेल तर पोट धरून हसत असेल.

पण विचारलंस तर सांगतो, कारण हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. तुमचं घर बांधलं त्या काळी कचरा न्यायला गाडी येत नव्हती. फुटलेली बशी, रिकामी औषधाची बाटली, बायकोपासून लपवलेली व्हिस्कीची बाटली, सगळं तिकडेच जायचं. तिकडे शोधायला कोण जातंय? वरचा भाग नुसता भराव असतो, विटांचे तुकडे आणि राख. त्याखाली चुना, वास मारायला टाकलेला. आणि त्याखाली काळा थर. घाबरू नकोस, शंभर वर्षांत त्याची निव्वळ माती झालेली असते. बाटल्या त्यात. खोली म्हणशील तर कधी माणसाएवढी, कधी दोन माणसांएवढी.

आता मोठ्या भावासारखं बोलतो, धाकटा असलो तरी. खड्डा विटांनी बांधलेला असेल तर विहिरीसारखा उभा राहतो. फळ्यांचा असेल तर फळ्या कधीच कुजल्या, आणि माती केवळ सवयीने उभी असते. म्हणून मर्विन आडवे दांडके ठोकून भिंती एकमेकींपासून दूर धरायचा. काढलेली माती काठापासून लांब, ताडपत्रीवर. शिडी कायम आत. आणि सगळ्यांत मोठा नियम आम्ही दोघांनी कधीही मोडला नाही: वर कोणी उभं नसेल तर खाली कोणी उतरायचं नाही. वरच्याने बादली ओढायची आणि भिंतीवर नजर ठेवायची. लघवीला लागली तर आधी खालच्याला बाहेर काढायचं. एकदा पावसात मर्विन माझ्यासाठी दीड तास काठावर उभा होता आणि सगळा वेळ मला शिव्या देत होता.

असो. हे सगळं वाचण्यापुरतं. ट्रॅक्टरवाल्या हॉलिसला सांग, तो येऊन अर्ध्या दिवसात खड्डा बुजवून देईल. एल्वेरा कजाग आहे, पण या बाबतीत तिचं बरोबर आहे. मी बोललो हे तिला सांगू नकोस. तिच्या कुंपणाखालच्या फुलझाडांवर मी एकदा माती ढकलली होती, ते ती माझ्या थडग्यावरसुद्धा कोरून ठेवेल.

क्लेटस


ऑरोरा
२२ नोव्हेंबर

प्रिय क्लेटस,

हॉलिसला बोलावलं होतं. त्याने खड्डा पाहिला आणि म्हणाला, बुजवायचा कशाला, इतका झालाच आहे तर पुरा करू. मग तो खाली उतरतो आणि मी वर उभी असते. तुझा नियम पाळला जातो आहे. खड्डा फळ्यांचा आहे. सकाळभरात सात-आठ बादल्या निघतात.

तू सांगितलास तसाच सगळा क्रम लागला. राख, चुना, मग काळं. वास खरंच नाही. ओल्या तळघरासारखा थोडासा येतो. चिनी मातीच्या बाहुलीचा हात मिळाला, तंबाखूचा एक पाइप मिळाला, आणि दात घासायचा हाडाचा ब्रश. बाटल्याही मिळाल्या, बहुतेक फिकट हिरव्या. एक गडद निळी आहे, अख्खी. तिच्यावर अक्षरं उठवलेली आहेत, "क्लाइन, औषधविक्रेता, ऑरोरा". बुडाला खडबडीत व्रण आहे. मी ती धुतली आणि भांड्यांच्या जाळीत उपडी ठेवली. छान आहे. म्हणजे छान आहे असं म्हणायचं असतं म्हणून म्हणते.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला तीन घरांतून जेवायला बोलावणं आहे. तिघांनाही मी सांगितलं की दुसरीकडे जाणार आहे.

ऑर्फा


टुसॉन
२ डिसेंबर

अगं ऑर्फा!

निळी क्लाइन? अख्खी? आणि ती भांड्यांच्या जाळीत? आधी तिला तिथून उचल आणि मोज्यात गुंडाळून कपाटात ठेव. मग पुढचं वाच.

त्या बाटलीचे नुसते तुकडे शोधत मर्विन आणि मी अख्खं गाव पालथं घातलं. क्लाइनने निळ्या बाटल्या काढल्याच नाहीत, नुसती अफवा आहे, असं सिनसिनाटीचे सगळे जाणकार म्हणायचे. मर्विन म्हणायचा, आहे, आणि ती एखाद्या आजारी बाईच्या घरात आहे. आणि निघाली कुठे? त्याच्याच अंगणात! माणसाने काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालावा, तो असा.

हॉलिसला सांग, थांबू नकोस. एक आहे तिथे दुसरी असते. कोपऱ्यांत बघ म्हणावं, बाटल्या नेहमी कोपऱ्यात घरंगळतात. फावडं नको, लहान खुरपं घे म्हणावं. मला आता रात्री झोप येणार नाही. मार्ला ओरडते आहे की उत्साहाने माझा श्वास लागतो. लागू दे.

तुझा (आणि आता त्या बाटलीचाही)
क्लेटस


ऑरोरा
१० जानेवारी १९८८

प्रिय क्लेटस,

ख्रिसमसचं कार्ड मिळालं. निवडुंगाला दिवे लावलेले पाहून काय म्हणावं ते कळलं नाही.

काम चालू आहे. वरची जमीन गोठली आहे, पहिला थर कुदळीनेच फोडावा लागतो, पण खाली ऊब असते. बर्फ पडत असला तरी खाली हात गार पडत नाहीत. आणि शांत असतं. एल्वेराचं ओरडणं खाली नीट ऐकू येत नाही. आकाश स्वयंपाकघरातल्या टेबलाएवढं दिसतं. मर्विनचे आडवे दांडके बादलीला अडत होते म्हणून काढले, पण जमीन दगडासारखी कडक आहे, काही हलत नाही.

कोपऱ्यांत दुसरी निळी मिळाली नाही. अजून बघते.

ऑर्फा


टुसॉन
१६ जानेवारी

ऑर्फा,

"अजून बघते" म्हणे. कोण बघतंय?

मी काल हॉलिसच्या घरी फोन केला. निळ्या बाटलीचं दोन शब्द बोलावं म्हणून. त्याच्या सुनेने सांगितलं की तो फ्लोरिडात आहे. थँक्सगिव्हिंगच्या आधी गेला, मार्चमध्ये परतेल. तुमच्या खड्ड्याचं त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

ताकाला येऊन भांडं लपवत होतीस तू, आणि मी गाढव दर पत्रात तुला ताक ओतून देत होतो. हॉलिसचं लिहिलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं. दोन माणसं सकाळभर राबतात आणि सात-आठ बादल्या? आम्ही तेवढ्या पहिल्या तासात काढायचो. सात-आठ बादल्या कोणाच्या निघतात? जो खाली उतरतो, बादली भरतो, शिडी चढून वर येतो, स्वतःच दोरी ओढतो आणि पुन्हा उतरतो, त्याच्या. पण तू ती निळी बाटली माझ्या नाकासमोर धरलीस आणि माझी अक्कल गेली.

आणि ते दांडके काढलेस तू! गोठलेली जमीन कडक असते ती गोठलेली असेपर्यंत. ती आपल्याला फसवते. फेब्रुवारीत वितळली की ताटातल्या भातासारखी बसते, आणि आवाजसुद्धा करत नाही.

मी शेरिफच्या कचेरीत फोन करून माणूस पाठवायला सांगितलं आहे. एल्वेरालाही केला. म्हटलं, "माझी बहीण एकटी खड्ड्यात उतरते." ती म्हणाली, "मला माहीत आहे," आणि फोन आपटला. माहीत आहे! काय माहीत आहे तिला, डोंबल! बाईला अजून आपल्या फुलझाडांचंच पडलं आहे.

उतरू नकोस. हे पत्र मिळाल्यावर त्या खड्ड्याकडे बघूसुद्धा नकोस.

क्लेटस


ऑरोरा
२४ जानेवारी

प्रिय क्लेटस,

शेरिफचा माणूस आला होता. सभ्य आहे. त्याला कॉफी आणि ॲपल पायचा तुकडा दिला, खड्ड्यावरचा तक्ता दाखवला. तो म्हणाला, "मॅडम, हे झाकूनच ठेवा." मी म्हटलं, झाकलेलाच तर आहे. तो गेल्यावर मी तक्ता काढला.

हो, मी एकटीच उतरते. नोव्हेंबरपासून. तुला खोटं सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर तू पुढचं काही सांगितलं नसतंस.

मला मरायचं नाही, तसलं काही डोक्यात आणू नकोस. मरायचं म्हटलं तरी काहीतरी वाटावं लागतं. वर असते तेव्हा सगळ्यांना माझ्याकडून काहीतरी हवं असतं. मी रडावं, मी जेवावं, मी त्याचे कपडे देऊन टाकावेत, मी एखाद्या बहिणीकडे राहायला जावं. (बहीण मला नाही, तूच आहेस, आणि तू निवडुंगात राहतोस.) खाली कोणाला काही नको असतं. बादली भरली की भरली. काल जिथे होते त्याच्या चार बोटं खाली आज असते. दिवसभरात खरं झालेलं तेवढंच एक वाटतं. मर्विन जिथे थांबला तिथून मी सुरू केलं. त्याच्या खुरप्याची खूण भिंतीवर होती. ती आता माझ्या डोक्याच्या वर आहे.

ऑर्फा


टुसॉन
३० जानेवारी

ऑर्फा,

मी इथे ॲरिझोनात बसून उंटावरून शेळ्या हाकतो आहे, हे मला कळतं. तिकीट काढलं होतं. मार्लाने माझे बूट लपवले आणि ऑक्सिजनवाल्याने सांगितलं की नळकांडं विमानात चालणार नाही. रागाने ओरडलो तर ओरडायलासुद्धा दम पुरला नाही. त्या दमाचं मी तुला पत्रात कधी लिहिलं नाही. आता लिहितो. जिना चढत नाही मी. मला तिथे येता येणार नाही.

तेव्हा ऐकायचंच नसेल तर निदान एवढं कर. दांडके परत ठोक. आणि माती कुठे टाकतेस ते सांग. मर्विनला हिरवळ खराब झालेली खपत नसे म्हणून तो ताडपत्री अंथरायचा, पण काठापासून चार ढांगा लांब. तू एकटी आहेस, बादली लांब नेत नसणार, मला माहीत आहे. काठाशीच ओतत असशील. तो सगळा भार भिंतीच्या डोक्यावर बसतो. काठाला समांतर भेग दिसली तर बाहेर ये. हत्यारं तिथेच टाक. निळी बाटली हाताशी दिसत असली तरी बाहेर ये.

उत्तर लिही. चार ओळी लिही.

क्लेटस


टुसॉन
१४ फेब्रुवारी

ऑर्फा, पत्र नाही. बातम्यांत सांगितलं की तुमच्याकडे बर्फ वितळतो आहे. लिही.

क्लेटस


ऑरोरा
२८ फेब्रुवारी

प्रिय क्लेटस,

मी जिवंत आहे. आधी हे लिहिलं, कारण पाकीट उघडायला तू घाबरत असशील. डावा घोटा मोडला आहे, बाकी शाबूत. हॉस्पिटलमध्ये होते, परवा घरी आले.

माती मी काठाशीच ओतत होते. ताडपत्री नीट अंथरली होती, हिरवळीचं एक पातं वाकू दिलं नाही. मला वाटत होतं, मर्विन करायचा तसंच मी करते आहे. दांडकेही ठोकले नव्हते. भेग बहुतेक ताडपत्रीखाली होती, म्हणून दिसली नाही.

तू म्हणालास तसंच झालं, आवाज झाला नाही. खाली वाकले होते, आणि एकदम मांड्यांपर्यंत मातीत होते. नुसती ओली आणि जड. पाय हलवायला गेले तर पायच नाहीत असं वाटलं. मला भीतीही वाटली नाही. मी वर बघितलं, आणि वर एल्वेराचं तोंड दिसलं.

घरातल्या सपाता घातलेल्या, डोक्यात केसांना लावायची गुंडाळी. काठाशी उभी राहिली नाही. तक्ता चिखलावर टाकून त्यावर ती पोटावर आडवी झाली आणि म्हणाली, "अजिबात हलू नकोस. अग्निशमनवाले निघालेत. मी तुला ओढणार नाहीये."

मी हात वर केला होता. म्हटलं, "हात तरी दे."

"नाही देणार. मर्विनने सांगितलंय, ओढायचं नाही. ओढलं की ओढणाराही खाली जातो."

"मर्विनने? तुला कधी सांगितलं?"

"ऑगस्टमध्ये. कुंपणापाशी येऊन विचारलं मला. एल्वेरा, माझी टोपी कुंपणाच्या खांबावर दिसली की समज मी खाली आहे, तेवढा वेळ तुझ्या खिडकीत उभी राहशील का? मी म्हटलं, तुझ्या त्या मेहुण्याने माझी झाडं मारलीत. तो म्हणाला, मेहुणा ॲरिझोनाला गेला. मग म्हटलं, बरं, राहीन."

क्लेटस, मी खाली उतरताना त्याची टोपी डोक्यावरून काढून खांबावर अडकवत असे. दुसरं काही कारण नव्हतं. तो अडकवायचा तिथेच अडकवायची, एवढंच. एल्वेराला वाटलं मला सगळं ठाऊक आहे आणि मी तिला मुद्दाम खूण करते आहे. म्हणून नोव्हेंबरपासून रोज, टोपी दिसली की ती खिडकीत उभी राहायची आणि टोपी गेली की बसायची. भांडी खिडकीत घासली, बटाटे खिडकीत सोलले. एकदा ताप होता तरी उभी होती म्हणे. तू फोन केलास तेव्हाही खिडकीतच होती, म्हणून ठेवून दिला.

"तू मूर्ख आहेस, ऑर्फा," ती म्हणाली. "तुझा नवराही मूर्ख होता, पण त्याने विचारलं तरी होतं. तू तर नुसती टोपी टांगलीस. रोज ओरडत होते ना मी, बुजव म्हणून?"

अग्निशमनवाल्यांनी मला हातांनी उकरून काढलं, दुपार झाली. सगळा वेळ ती तक्त्यावर पडून माझ्याशी भांडत होती. पाय मोकळे झाले तेव्हा इतके दुखले की मी किंचाळले. पण तेही नुसतं पायांचं दुखणं होतं.

खरं ते घरी आल्यावर आलं. सिंकपाशी कुबडी घेऊन उभी होते. सिंकच्या वर माझीही खिडकी आहे, क्लेटस. ती त्याच कोपऱ्यावर उघडते. एल्वेराच्या खिडकीपेक्षा खड्डा माझ्या खिडकीतून जास्त चांगला दिसतो. मी अख्खा ऑगस्ट तिथे उभी होते, टोमॅटो बरणीत भरत होते. त्याने हाक मारली असती तरी ऐकू आली असती. आणि विचारायला गेला कोणाला? तिला! जिने चौदा वर्षांत आम्हाला एक कप साखर उसनी दिली नाही, तिला! बायको घरात असताना शेजारणीला!

मी एक बशी फोडली. मग दुसरी फोडली. इतका राग आला आहे, अक्षर बघ. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला काही वाटतं आहे, आणि ते काय, तर मेलेल्या माणसाचा राग. तो समोर असता तर मी त्याला ती कुबडी मारली असती.

त्याने मला का विचारलं नाही? तुला काही बोलला होता का? खरं लिही.

ऑर्फा


टुसॉन
७ मार्च

प्रिय ऑर्फा,

पाकीट मार्लाने उघडलं, मला खरंच उघडवेना. एल्वेराला माझ्यातर्फे सांग की फुलझाडांबद्दल मी माफी मागतो. लेखी हवी असेल तर लेखी देतो.

हो, बोलला होता. मला लिहायचं नव्हतं, पण तू खरं लिही म्हणालीस.

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला, खड्डा उघडला म्हणून. माझा पहिला प्रश्न ठरलेला, वर कोण उभं आहे? तो म्हणाला, एल्वेरा. मी हसून हसून खोकलो. म्हटलं, अरे, घरात बायको आहे, तिला सांग. भांडेल थोडी, पण उभी राहील.

तो म्हणाला, "त्याचसाठी नाही सांगत. भिंत आलीच, तर एल्वेरा फोन करेल. ऑर्फा उडी मारेल."

ते खरंच होतं. लहानपणी मी नदीत पडलो तेव्हा तुला पोहता येत नव्हतं आणि तरी तू उडी मारली होतीस, दोघांनाही बाबांनी काढलं होतं.

मग तो आणखी एक बोलला. बाटल्यांचं बोलताना बोलायचा तशा साध्या आवाजात. "आणि क्लेटस, जे काय व्हायचं ते होऊ दे, पण तिला बघायला लागू नये. एल्वेराने बघितलं तर चालेल. तिला मी आवडत नाही."

एवढंच. त्याला मारायचं असेल तर मार. पण कुबडी जपून वापर, एकच आहे.

बाटलीबद्दल मी विचारणार नाही. (जाळीतून काढलीस का?)

क्लेटस


ऑरोरा
२० मार्च

प्रिय क्लेटस,

बाटली याच पार्सलात आहे, मर्विनच्या दोन मोज्यांत गुंडाळलेली. मोजेही ठेव. खड्डा बुजवला. हॉलिस फ्लोरिडाहून आला तो उन्हाने लाल होऊन, त्याने ट्रॅक्टर लावला आणि दोन तासांत माती सपाट केली. हिरवळीचे चौकोन जगले नव्हते, नवीन बी टाकलं आहे.

तुझं पत्र मी आठवडाभर ॲप्रनच्या खिशात ठेवलं होतं. त्या सकाळचं मी कोणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरला सांगितलं, नाश्त्याच्या वेळी गेला. फादरलाही तेवढंच. तुला सांगते.

टेबलाशी बसला होता. पावाला लोणी लावत होता. आज राखेखाली पोचेन म्हणत होता. मी सिंकपाशी होते, पाठमोरी. त्याने "ऑर्फा" म्हटलं, दूध दे म्हणताना म्हणतो तसं. मी न वळताच म्हटलं, काय? उत्तर आलं नाही म्हणून वळले. सुरी त्याने बशीत नीट ठेवली होती. हात टेबलावर होते, आणि तो माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी करेन असं. मला काहीच सुचलं नाही. मी उडी मारली नाही, क्लेटस. कॉफीचं भांडं हातात धरून मी उभी राहिले आणि बघितलं. त्याचे डोळे माझ्याकडे बघायचे थांबले तेही बघितलं. मग भांडं ठेवलं, आणि मगच फोन केला. पाव मी टाकून दिला, आणि नंतर टाकला म्हणून वाईट वाटेल असं वाटलं, पण तेही वाटलं नाही.

त्याने शेजारणीला खिडकीत उभं केलं. तिची झाडांबद्दल माफी मागितली असेल, टोपीची खूण ठरवली, ओढायचं नाही हे शिकवलं. मी बघू नये म्हणून एवढं सगळं केलं. आणि मग माझ्यासमोर, माझ्याच स्वयंपाकघरात, माझं नाव घेऊन गेला.

हे लिहिता लिहिता रडू आलं आहे आणि ते थांबत नाही. चांगलं नाही, मोठ्याने, नाक वाहतंय. मी टेबलाशी बसून लिहिते आहे, त्याच्या खुर्चीत.

मागचं दार वाजतंय. एल्वेरा असणार, तिच्या खिडकीतून माझं टेबल दिसतं. उघडते.

तुझी बहीण,
ऑर्फा